काळूराम गांगुर्डेंचा पहिला उपोसथ

"विकालभोजना वेरमणी सिक्खापदं समादियामि," भंतेजी म्हणाले, आणि पांढऱ्या साड्यांच्या रांगांमागून एक घोगरा, जाडाभरडा आवाज त्यांच्या मागोमाग तेच म्हणाला.

लताबाईंचे डोळे मिटलेले होते. पण जो आवाज सारा संसारभर 'लता, चहा', 'लता, माझा टॉवेल' करत आला, तो ओळखायला डोळे कशाला उघडायला लागतात? शील घेताना मागे वळून बघायचं नाही, हे त्यांनीच वस्तीतल्या कितीतरी पोरींना शिकवलं होतं. आज त्या स्वतःच वळल्या.

मागे खांबाजवळ, पायाला बँडेज असल्यामुळे प्लास्टिकच्या खुर्चीवर, त्यांचे यजमान काळूराम गांगुर्डे बसले होते. पांढरा सदरा, जोडलेले हात, आणि कंपनीत नवीन मशीन लावताना व्हायचा तसा गंभीर चेहरा. अष्टशीलातलं सहावं शील त्यांनी नुकतंच घेतलं होतं. दुपारी बारानंतर उद्याची पहाट होईपर्यंत अन्नाला तोंड लावणार नाही. आता बोला! ज्या माणसानं सातपूरच्या नाक्यावरचा एकही वडापाववाला उपाशी ठेवला नाही, तो माणूस आज अवेळी जेवणार नव्हता.

आश्विन पौर्णिमा होती, भंतेजींच्या पावसाळी मुक्कामाचा, वर्षावासाचा शेवटचा दिवस. विहाराच्या दाराशी खिरीच्या पातेल्यापाशी उभा असलेला थोरला मुलगा अश्विन हातातला डाव तसाच धरून बापाकडे बघत राहिला.

वंदना संपली आणि लताबाई तडक खुर्चीपाशी आल्या.

"अहो, हे काय केलंत?"

"शील घेतलं."

"कुणाला विचारून?"

"तू कुणाला विचारून घेतेस?"

दर अष्टमी-पौर्णिमेला लताबाई उपोसथ, म्हणजे अष्टशीलाचा उपास, धरायच्या. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हापासून धरत होत्या, आणि तेव्हापासूनच काळूराम त्यांची थट्टा करत आले होते. 'आमच्या हिची आज भुकेची शिफ्ट आहे,' असं मित्रांना सांगायचे आणि त्यांच्यासमोर बसून भजी खायचे.

"पप्पा, तुम्ही शुगर पेशंट आहात," अश्विन खिरीचा डाव घेऊनच आला. "आई, भंतेजींना सांग. पंचशील पुरे यांना. मी पायलला फोन लावतो."

पायल म्हणजे धाकटी, शहरातल्याच द्वारका चौकाकडच्या एका दवाखान्यात नर्स. ड्यूटीवर असताना तिचा फोन कपाटात असतो. अश्विननं लावला, वाजून वाजून बंद झाला.

"बस खाली," काळूराम म्हणाले. "ऐक. काल राखीनं माझा शर्ट धुवायला घेतला. खिशात वडापावचा कागद निघाला. तिनं तो माझ्यासमोर ठेवला आणि एक शब्द बोलली नाही. दोन शब्द टाकून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं रे. मोरीत जाऊन रडली पोरगी. मला ऐकू येत होतं."

लताबाईंना हे माहीत नव्हतं. राखी त्यांची सून, अश्विनची बायको. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, की साखर आटोक्यात आली नाही तर पायाचा अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावरच थांबेल याची खात्री नाही. त्याच दिवशी राखीनं घरातली साखर, गूळ, जॅमची बाटली, अश्विनची बिस्किटं, सगळं उचलून खालच्या मजल्यावर देऊन टाकलं होतं. साऱ्या घरानं बिनसाखरेचा चहा प्यायला सुरुवात केली. आणि ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते नाक्यावर वडापाव खात होते!

"मला एकदा बघायचंय लता," काळूराम हळू आवाजात म्हणाले, "की माझं तोंड माझं ऐकतं का नाही. अंगठा जाण्याआधी बघायचंय."

लताबाईंना आनंद झाला आणि भीतीही वाटली. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं. पण चक्कर आली, कसंतरी झालं, तर सांगायचं. लपवायचं नाही."

"सांगीन."

"आज मुसावादासुद्धा घेतलंय. खोटं बोलायचं नाही."

"सांगीन म्हटलं ना!"

*

घरी येईपर्यंत राखीनं पानं घेतली होती. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, वरण. तिला अश्विननं फोनवर सगळं सांगितलं होतं, पण सासऱ्यांकडे बघायचं धाडस तिला होत नव्हतं. कालचा कागद तिच्या मनातून गेला नव्हता. मोठ्या माणसाचा आपण अपमान केला की काय, असं तिला सारखं वाटत होतं.

"राखी," काळूराम पाटावर न बसता खुर्चीवर बसत म्हणाले, "एकदाच वाढ. पुन्हा विचारायचं नाही. हिचा नियम आहे तो."

"हो पप्पा."

"आणि टीव्ही लावू नका. तोही हिचाच नियम."

गांगुर्ड्यांच्या घरात टीव्ही न लावता दुपारचं जेवण म्हणजे नवलच. सगळे जेवायला बसले आणि घरात भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू यायला लागला. अश्विन सवयीनं फोन बघत जेवत होता. लताबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं फोन पालथा ठेवला, मग थोड्या वेळानं उचलून दुसऱ्या खोलीत ठेवून आला.

"चावा," लताबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"चावतोय की."

"गिळताय. कंपनीचा भोंगा व्हायचाय का आता? रिटायर होऊन किती दिवस झाले."

काळूराम थांबले. खरंच, त्यांनी आयुष्यभर भोंग्याच्या धाकानं जेवण केलं होतं. डबा उघडायचा, कोंबायचं, हात धुवायचे, मशीन सुरू. आज त्यांनी एक घास तोंडात धरला आणि चावत राहिले. मग भुवया उंचावून राखीकडे बघितलं.

"मेथीत लसूण घातलाय का गं?"

"रोजच घालते पप्पा."

"रोज?"

"रोज."

अश्विनला हसू फुटलं. राखीही हसली, आणि कालपासून तिच्या छातीवर बसलेलं काहीतरी थोडं हललं. तिनं स्वतःच्या ताटाकडे बघितलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण रोज स्वयंपाक करता करताच निम्मं जेवतो आणि मग ताटावर बसल्यावर 'भूक नाही' म्हणतो. आज उपोसथ तिचा नव्हता, पण तीही सावकाश जेवली.

एक गोष्ट मात्र या घरात कुणी बघितली नाही. पानं वाढण्याच्या जरा आधी काळूराम फळीपाशी गेले होते. त्यांच्या साखरेच्या गोळ्या दोन वेळच्या, एक सकाळच्या खाण्याआधी, एक रात्रीच्या जेवणाआधी. सकाळी विहाराच्या घाईत पहिली राहून गेली होती. आणि रात्री तर जेवणच नाही. मग दुसरी कधी घ्यायची? उपाशीपोटी घ्यायची नसते, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मिस्त्री डोक्यानं हिशेब केला आणि दोन्ही गोळ्या एकदम घेऊन टाकल्या. काम चोख झालं म्हणून त्यांना बरंही वाटलं.

*

बारा वाजून गेल्यावर फुलाबाई आल्या. काळूरामांची मोठी बहीण. पेठ तालुक्यातल्या गावाहून एसटीनं आल्या होत्या, भावाचा पाय बघायला. आल्या आल्या बँडेजकडे बघून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"जय भीम आक्का," लताबाई पाणी घेऊन आल्या. "हात-पाय धुवा, पान वाढते."

"जय भीम गं माये. मी आन् काळू संगंच बसू."

"माझं झालं आक्का," काळूराम म्हणाले. "आज मी उपोसथ धरलाय."

फुलाबाई पाण्याचा पेला हातात धरून बघतच राहिल्या. "तू? उपास? आरं, लहानपनी माय भाकर थापायची तवा तू तव्यावरूनच पळवायचा. तुला काय झालं? लता, काय केलंस तू माझ्या भावाला?"

"मी काही केलं नाही आक्का. यांनीच केलं."

फुलाबाईंचं मन काही मानेना. त्या जेवल्या, पण भावाशिवाय घास गोड लागला नाही असं दोनदा ऐकवलं. जेवण झाल्यावर लताबाई आत भांडी आवरत होत्या, राखी कपडे आणायला गच्चीवर गेली होती, अश्विन जरा आडवा झाला होता. फुलाबाईंनी पिशवीतून साडीत गुंडाळलेली बाटली काढली.

"काळू," त्या कुजबुजल्या. "काकवी हाय. माझ्या लेकीच्या सासरची, निफाडकडची. तुला लय आवडती म्हनून आनली. एक बोट चाट, कुनाला कळनार नाय."

काळूरामांनी बाटलीकडे बघितलं. काळीभोर, दाट काकवी. बाजरीच्या भाकरीवर घालून खायची, बोटं चोखत. त्यांचं तोंड पाण्यानं भरलं. आणि त्याच वेळी त्यांना एक गंमत दिसली. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला होता आणि बाटलीच्या दिशेनं निघाला होता. त्यांनी सांगितलं नव्हतं त्याला! ते हाताकडे बघत राहिले. हात हवेत थांबला आणि परत मांडीवर आला.

"आक्का, ठेव ती," ते म्हणाले.

"भाऊ असून मला नाय म्हनतोस?"

"तुला नाही म्हणत नाही गं. मला म्हणतोय."

फुलाबाईंना हे बोलणं कळलं नाही. त्यांना फक्त एवढं कळलं, की भावानं आपल्या हातचं नाकारलं. बाटली पिशवीत टाकून त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. काळूरामांना वाईट वाटलं.

थोड्या वेळानं लताबाई शेजारी येऊन बसल्या. काळूराम म्हणाले, "आत्तापर्यंत सहा वेळा तरी हात गेला असेल लता. शेंगदाण्याच्या डब्याकडे गेला, फ्रीजकडे गेला. एकदा तर उठून दार उघडून उभा राहिलो, आणि मला कळेना, मी कशाला आलो. भूक नव्हतीच. समोरच्या खिडकीत कुणीतरी काहीतरी तळत होतं."

लताबाई हसल्या. "मलाही पहिल्यांदा असंच व्हायचं. भूक आली की तिला विचारायचं, पोटातून आलीस की डोळ्यातून? डोळ्यातून आलेली असली की आपोआप जाते. पोटातली असली तर तीही येते, थोडी थांबते, आणि जाते. आपण तिच्याकडे फक्त बघायचं."

"इतकी वर्षं हे करतेस?"

"यावरच तर घर चालवलं. तुमची कंपनी बंद पडली होती, तेव्हा मी चिडले का कधी? पोरांवर हात उगारला का? मनात यायचं हो. पण राग आणि भूक सारखीच असते. बघत राहिलं की ओसरते."

बायको उपास करते एवढंच काळूरामांना माहीत होतं. त्या उपासावर आपलं घर उभं होतं, हे त्यांना आज कळलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला. दिवसाढवळ्या, बहीण घरात असताना! लताबाई लाजल्या आणि तरीही त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

*

पायल आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दारात चप्पल काढता काढताच तिनं बापाला हाक मारली आणि हाकेला उत्तर आलं नाही.

काळूराम खुर्चीत ताठ बसले होते. कपाळावर घाम डबडबला होता, सदरा पाठीला चिकटला होता. ऑक्टोबरचा उकाडा होता हे खरं, पण पंखा चालू होता. दोन्ही हात मांडीवर, आणि ते थरथरत होते.

"पप्पा? बरं वाटत नाहीये का?"

"बरा आहे." जीभ जड झाली होती. "भूक आहे. येते, थांबते, जाते. मी बघतोय तिच्याकडे."

"काय बोलताय तुम्ही? आई!"

लताबाई धावत आल्या, नवऱ्याकडे बघितलं आणि जागच्या जागी थिजल्या. जे आपण शिकवलं तेच हा माणूस करतोय. चक्कर येतेय आणि हा भूक समजून तिच्याकडे बघत बसलाय! पायलनं पर्समधून मशीन काढलं, बोटाला टोचलं, आणि आकडा बघून तिचा चेहरा उतरला.

"शुगर पन्नासच्याही खाली आहे. वहिनी, साखर आण. पाण्यात घालून, पटकन!"

राखी स्वयंपाकघराकडे धावली आणि अर्ध्यातच थांबली. "घरात साखर नाहीये ताई. गूळ पण नाही. मीच सगळं... मी खालून आणते." ती अनवाणीच जिन्याकडे निघाली.

"थांब गं पोरी!" फुलाबाई उठल्या. पिशवी उलटी करून त्यांनी साडीतली बाटली काढली. "काकवी हाय. मी चोरून आनली होती. मला शिव्या द्या मागनं, आधी त्याला पाजा."

पायलनं चमचा भरला आणि बापाच्या ओठांशी नेला. काळूरामांनी तोंड घट्ट मिटलं.

"पप्पा, तोंड उघडा."

त्यांनी मान हलवली. "बारा वाजून गेलेत."

"पप्पा!"

"शील घेतलंय. एक दिवस तरी राहू दे गं मला."

अश्विन डोळे चोळत बाहेर आला, बघितलं आणि घाबरून बापाच्या खांद्याला धरून ओरडायला लागला. "आई, हे तू शिकवलंस! बघ आता! नको त्या वयात, नको त्या आजारात उपास!" पायलही रडकुंडीला आली होती. "अश्विनदादा, धर त्यांना, मी जबरदस्ती पाजते."

"कुणी धरायचं नाही," लताबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण सगळे बाजूला झाले. त्या नवऱ्याच्या समोर जमिनीवर बसल्या, चमचा स्वतःच्या हातात घेतला आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"अहो. ऐका. आजारी माणसाला काकवी चालते. आजारी भिक्खूंना तथागतांनी स्वतः पाच औषधं मोकळी केली होती. तूप, लोणी, तेल, मध आणि उसाची काकवी. बारानंतरसुद्धा. अन्न म्हणून नाही, औषध म्हणून."

"खोटं... बोलतेस. मला वाचवायला."

"सकाळी तुमच्याबरोबर मीही मुसावादाचं शील घेतलंय. ते मी आज मोडेन का? तुमच्यासाठीसुद्धा नाही मोडणार."

काळूरामांनी बायकोकडे बघितलं. गेली कितीतरी वर्षं ही बाई त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हती, आणि त्याचा त्यांना अनेकदा वैतागही आला होता. त्यांनी तोंड उघडलं.

एक चमचा. मग दुसरा. पायल नाडी धरून बसली होती. तिसऱ्या चमच्यानंतर तिनं काकवी पाण्यात कालवून दिली. फुलाबाई भिंतीला टेकून हात जोडून बसल्या होत्या, राखी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. हळूहळू काळूरामांच्या हातांची थरथर कमी झाली. मग थांबली.

*

माणूस वाचला की घरातले लोक भांडायला मोकळे होतात. गांगुर्डेही झाले.

"आई, तुला कळायला नको?" पायलनं दुसऱ्यांदा मशीन लावलं, आकडा वर आलेला बघून तिनं श्वास सोडला आणि मग आईवर घसरली. "त्यांचं औषध चालू आहे. मला न विचारता उपास कसा करू दिलास?"

"चुकलंच माझं," लताबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "फोन लावला, तू उचलला नाहीस. मग तू सुटेपर्यंत मी थांबायला हवं होतं. त्यांनी धरला याचा मला इतका आनंद झाला गं, की मी भुलले."

"पण एवढी खाली कशी गेली?" पायल विचारात पडली. "दुपारी जेवले ना? रात्रीची गोळी तर अजून घ्यायचीय."

"घेतली," काळूराम म्हणाले.

"काय घेतली?"

"दोन्ही. दुपारीच. रात्री उपाशीपोटी नको म्हणून. मशीन दोन शिफ्ट चालणार असेल तर ऑइल एकदाच भरून टाकतात. म्हटलं, तसंच."

पायलनं कपाळाला हात लावला. अश्विन भिंतीकडे वळला, त्याचे खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय, हे राखीलाही कळेना. शेवटी कळलं, दोन्ही.

"पप्पा, तुम्ही लेथ मशीन नाही आहात हो," पायल म्हणाली आणि बापाच्या गळ्यात पडून रडली.

"मला बोला समदे," फुलाबाई म्हणाल्या. "मी त्याला दुपारी चाटवत होते. त्यानं नाय घेतली. मी रुसून झोपले. लय मूर्ख बाई हाय मी."

पायलनं मान वर केली. "दुपारी दिली होतीस आत्या? आणि यांनी नाही घेतली?"

"बाटली नाकासमोर धरली होती."

पायल बापाकडे बघत राहिली. हेच तिचे पप्पा, ज्यांच्या उशीखालून तिनं पेढ्यांचा बॉक्स काढला होता. दवाखान्यात ती रोज साखरेचे पेशंट बघायची. गोळ्या सगळे घेतात, इन्शुलिन सगळे घेतात, पण समोर आलेल्या गोडाला 'नको' म्हणणारा तिनं क्वचितच बघितला होता. तिचा राग कुठल्या कुठे गेला. आईवर ओरडल्याची तिला लाज वाटली आणि ती उठून आईला चिकटून बसली.

"आता मात्र जेवावं लागेल पप्पा," ती नरमपणे म्हणाली. "दोन गोळ्यांचा जोर रात्रीपर्यंत राहील. काकवीनं तात्पुरतं भागलंय. काही पोटात गेलं नाही तर परत खाली जाईल. तासातासाला मी तपासणार आहे, आणि पुन्हा गडबड झाली तर सरळ दवाखाना."

काळूरामांचा चेहरा पडला. लहान मुलाच्या हातातून पतंग जावा तसा. "म्हणजे मोडलाच."

"आजाऱ्याला मोडल्याचा दोष नाही," लताबाई म्हणाल्या. राखीनं भाकरी-वरणाचं ताट आणलं तसं त्या म्हणाल्या, "माझंही वाढ."

राखी दचकली. अश्विननं आईकडे बघितलं. त्याला आठवत होतं तेव्हापासून त्याच्या आईनं बारानंतर उपोसथ कधी मोडला नव्हता. तापात नाही, प्रवासात नाही, त्याच्या लग्नाच्या पौर्णिमेलाही नाही.

"आई, तू कशाला?"

"ते एकटे जेवतील का? मोडायचा तर दोघांचा मोडू दे."

राखीनं दुसरं ताट मांडलं. लताबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला. तोच काळूरामांनी त्यांचं मनगट धरलं. अशक्त होते, पण पकड मिस्त्रीची होती.

"ठेव तो खाली."

"अहो..."

"ठेव म्हटलं ना. आयुष्यभर तुझ्यासमोर बसून भजी खाल्ली मी. तुझा कधी मोडला नाही. आज माझ्यासाठी मोडलास तर मला तो घास उतरायचा नाही." त्यांनी मनगट सोडलं. "एकाचा राहू दे घरात. मी जेवतो. तू समोर बस."

लताबाईंनी तुकडा ताटात ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. राखीनं गुपचूप त्यांचं ताट उचलून नेलं.

काळूराम जेवायला लागले. एक घास घेतला, तो संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावला नाही. घरातली सगळी माणसं त्यांना जेवताना बघत बसली होती, जसं पहिल्यांदा भात खाणाऱ्या बाळाला बघतात. त्यांनाही ते कळत होतं, पण आज त्यांना राग आला नाही. अर्धी भाकरी झाल्यावर ते थांबले, पोटावर हात ठेवून जरा वेळ काहीतरी अंदाज घेतला, आणि ताट बाजूला सारलं.

"पायल, इकडे ये. खुर्ची घे."

"काय होतंय पप्पा?"

"काही नाही. या गोळ्या पोटात जाऊन काय करतात, कधी घ्यायच्या, कशाबरोबर घ्यायच्या, उपोसथ धरायचा असला तर डॉक्टरांना काय विचारायचं, सगळं सांग. पहिल्यापासून सांग. अंगठा माझा आहे, मला माहीत पाहिजे."

पायलनं खुर्ची ओढली. "पप्पा, हे सगळं मी तुम्हाला शंभर वेळा सांगितलंय."

"सांगितलं असशील," काळूराम म्हणाले. "तेव्हा मी खात होतो."